विश्लेषण : हेलसिंकी, जकार्ता, हायडेलबर्ग… शिराळा परिसराने देशाला पदके दिली, मग अभिमानाचा खर्च कोणी उचलला?

२०२६ हे ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचे जन्मशताब्दी वर्ष. याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानमधील आयची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. म्हणजे पुन्हा एकदा पदकतक्ता, तिरंगा, राष्ट्रगीत आणि 'आपण कितवे?' हा प्रश्न घरोघरी चर्चेत येणार. सातारा-सांगलीच्या सीमेवरच्या शिराळा परिसराला हा प्रश्न नवा नाही. या टापूतील तीन खेळाडूंनी बरोबर दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन परदेशी मैदानांवर भारताला पदके मिळवून दिली. त्यांची कहाणी पदकांइतकीच पदकाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांचीही आहे.

शिराळ्याचा या पदकांशी संबंध काय?

बत्तीस शिराळा म्हटले की नागपंचमी आणि समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आठवतो. मारुती हे तालमीचे दैवत. मोरणा आणि वारणेच्या खोऱ्यांतल्या गावांमध्ये तालीम ही मंदिराइतकीच जुनी आणि गरजेची गोष्ट होती. याच शिराळा तालुक्यातील पुनवत हे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचे गाव. महामार्गावरून शिराळ्याकडे जिथून वळावे लागते, त्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. महामार्गाने तसेच उत्तरेला गेले की कराड आणि कराडला लागून गोळेश्वर, म्हणजे खाशाबांचे गाव. आज गोळेश्वर सातारा जिल्ह्यात, तर पेठ आणि पुनवत सांगली जिल्ह्यात आहेत. मात्र १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा होईपर्यंत ही तिन्ही गावे सातारा जिल्ह्यातच होती.

खाशाबांचे पदक १९५२ चे, आंदळकरांचे १९६२ चे आणि पेटकरांचे १९७२ चे. तिघांच्या छातीवर एकाच देशाचे नाव होते. पण देशाने तिघांकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहिले.

या भागाला झेंड्याचे अप्रूप आधीपासून होते. १९३० च्या जंगल सत्याग्रहात शिराळा तालुक्यातील बिळाशीच्या गावकऱ्यांनी झेंडा उभारला आणि त्यासाठी पोलिसांचा मार सोसला. पुढे १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार याच मुलखात चालले. देशाचे नाव घेऊन परदेशी आखाड्यात उतरण्याचा अर्थ इथल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

हेलसिंकीत एका वजनगटात तीन देशांची प्रतिष्ठा कशी पणाला लागली?

खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत घडलेल्या मल्लासाठी मॅट, गुणपद्धत आणि वेळेचे बंधन हे सारेच नवे होते. तरीही मिळालेला सहावा क्रमांक त्यांना पुढची चार वर्षे जिद्दीने मेहनत करायला पुरला. १९५२ मध्ये हेलसिंकीत ते बॅन्टमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममेदबेकोव यांच्याकडून मात्र ते हरले. इशींना सुवर्ण, ममेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२.

या तीन नावांकडे नीट पाहिले तर त्या काळचे जग दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रवेश नव्हता. हेलसिंकी हे त्याचे पुनरागमन होते आणि इशींचे सुवर्ण हे त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्ण ठरले. सोव्हिएत संघ तर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच उतरला होता. शीतयुद्ध तापले होते आणि समाजवादी देशांच्या खेळाडूंची राहण्याची सोयही वेगळी होती. तिसरा भारत, स्वतंत्र होऊन पाच वर्षेच झालेला. हरलेला देश, नवी महासत्ता आणि नवे प्रजासत्ताक असे तिघे एकाच विजयमंचावर उभे राहिले.

ममेदबेकोव यांच्याविरुद्धच्या कुस्तीपूर्वी खाशाबांना नियमानुसार मिळायला हवी ती विश्रांती मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने दाद मागायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे कुस्तीवर्तुळात आजही सांगितले जाते. पदक तर आले, पण देशाचे लक्ष दुसरीकडे होते. त्याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्ण जिंकले आणि मोठी बातमी ती झाली. खाशाबांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला थेट १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेस यांच्या कांस्यापर्यंत, म्हणजे ४४ वर्षे वाट पाहावी लागली. तेव्हा कुठे त्या जुन्या कांस्याचे मोल लोकांच्या ध्यानात आले.

हेलसिंकीला जाण्याचा खर्च कोणी केला?

लंडनवारीला कोल्हापूरच्या महाराजांचा आधार होता. हेलसिंकीच्या वेळी संस्थान विलीन झाले होते आणि सरकारी मदत अपुरी होती. गावकऱ्यांनी, ओळखीपाळखीच्या दुकानदारांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

पदक घेऊन आल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. देशासाठी पदक जिंकलेला मल्ल घरी येऊन पहिले काम करतो ते कर्जफेडीचे. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० साली. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. मात्र गोळेश्वरात आश्वासन दिलेली कुस्ती अकादमी उभी राहत नाही, म्हणून २०१७ मध्ये कुटुंबीयांवर ते ऐतिहासिक पदक लिलावात काढण्याचा इशारा देण्याची वेळ आली.

जकार्तात पुनवतच्या मल्लाने काय मिळवले?

गणपतराव आंदळकर यांचा जन्म १५ एप्रिल १९३५ चा. पुनवतहून ते कोल्हापूरला गेले आणि मोतीबाग तालमीत घडले. १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले. दोन वर्षांनी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलोवरील गटात त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले. त्याच स्पर्धेत मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने ९७ किलो गटात उतरले होते. त्यांनी फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य मिळवले. सर्वांत जड दोन वजनगट, दोन्ही प्रकार आणि आजच्या एकाच सांगली जिल्ह्यातल्या दोन मल्लांकडे मिळून चार पदके!

यातील ग्रीको-रोमनच्या सुवर्णाचे महत्त्व जाणकारांना विशेष वाटते. आपल्या मातीतल्या कुस्तीत पट काढणे, टांग मारणे हे रोजचे. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायाचा डावही चालत नाही. म्हणजे मल्लाचा निम्मा भाता बाहेर ठेवून लढायचे. शिवाय मातीत दोन्ही खांदे टेकवून चितपट करणे हाच निकाल, तर मॅटवर गुण मोजले जातात आणि घड्याळ चालू असते. अशा परक्या नियमांच्या खेळात आशियात पहिले येणे ही मोठी झेप होती. १९६४ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्येही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. पुढे मोतीबागेचे वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकणारे दादू चौगुले हे त्यांच्याच शिष्यांपैकी एक. १६ सप्टेंबर २०१८ रोजी आंदळकरांचे पुण्यात निधन झाले.

त्या स्पर्धेत भारताविरुद्ध रोष का उसळला?

जकार्ता १९६२ हे राष्ट्राभिमान खेळावर कसा स्वार होतो याचे आशियातील ठळक उदाहरण आहे. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. पहिल्या कारणामागे अरब देशांशी, तर दुसऱ्यामागे चीनशी असलेले संबंध होते. आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला. सर्व सदस्य देशांना प्रवेश नसेल तर या स्पर्धेला 'आशियाई क्रीडा स्पर्धा' म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. इंडोनेशियात तो राष्ट्राचा अपमान मानला गेला. ३ सप्टेंबर १९६२ रोजी जमावाने जकार्तातील भारतीय दूतावासावर हल्ला केला.

दुसऱ्याच दिवशी भारताचा फुटबॉलचा अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता. खच्चून भरलेले मैदान भारताच्या विरोधात ओरडत होते, आपल्या राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो झाली. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या आणि चुनी गोस्वामी कर्णधार असलेल्या त्या संघाने पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांवर २-१ असा विजय मिळवला. सोंधींच्या भूमिकेचा राग निघाला तो खेळाडूंवर. ज्यांनी कोणताही ठराव मांडला नव्हता, ज्यांचा मुत्सद्देगिरीशी संबंध नव्हता, त्यांना शत्रुपक्षासारखी वागणूक मिळाली.

प्रकरण तिथे थांबले नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी १९६३ मध्ये जकार्तातच 'गॅनेफो' ही नवोदित राष्ट्रांची वेगळी स्पर्धा भरवली. राजकारण आणि खेळ वेगळे करता येत नाहीत, अशी त्यांची उघड भूमिका होती. १९६४ मध्ये आंदळकर टोकियोच्या मॅटवर उतरले तेव्हा इंडोनेशियाचा संघ त्या ऑलिंपिकमध्ये नव्हता.

पाकिस्तानी मल्लांशी वैर होते का?

चुरस होतीच. १९६२ मध्ये जकार्तात हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला २-० असे हरवले, १९६४ मध्ये टोकियोत भारताने १-० असा त्याचा हिशेब चुकता केला. कुस्तीत तर फाळणीपूर्वीपासून लाहोर आणि कोल्हापूर ही दोन मोठी घराणी मानली जात. राजर्षी शाहू महाराजांनी रोममधील जुने क्रीडागार पाहून उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून पंजाबचे मल्ल तिथे येत राहिले. फाळणीनंतरही पाकिस्तानी मल्ल खासबागेत लढून गेले आणि महाराष्ट्राचे मल्ल त्यांना हरवण्यासाठी जिवाचे रान करत.

तरीही आखाड्याचा एक रिवाज होता. कुस्ती लागण्यापूर्वी सलामी घ्यायची, समोरच्याच्या अंगाला माती लावायची. ती माती लावली नाही तर कुस्ती सुरूच होत नाही. हरवायचे ते पुरते हरवायचे, पण समोरचा आहे म्हणून कुस्ती आहे ही जाण त्या रिवाजात होती. जकार्तातील त्या फुटबॉल सामन्याबद्दलही अशीच एक आठवण सांगतात. सारे मैदान विरोधात असताना भारताच्या बाजूने ओरडणाऱ्या थोड्या लोकांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते.

२०२५ च्या आशिया चषक क्रिकेट स्पर्धेत भारत-पाकिस्तान खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही आणि अंतिम सामना जिंकूनही भारताने पाकिस्तानी पदाधिकाऱ्याच्या हातून चषक स्वीकारला नाही. पहलगामच्या हल्ल्याची जखम ताजी होती, त्यामुळे अनेकांना ते योग्यच वाटले. काहींना ते खटकले. त्याच्या एक वर्ष आधी पॅरिसमध्ये पाकिस्तानचा अर्शद नदीम भालाफेकीत सुवर्ण जिंकला आणि नीरज चोप्राला रौप्य मिळाले, तेव्हा सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे, असे नीरजच्या आई म्हणाल्या होत्या. चुरस तीच असते, सीमेवर काय चालले आहे त्यावर तिचा रंग बदलतो.

हायडेलबर्गमध्ये सुवर्ण मिळूनही शांतता का राहिली?

मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावत होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. देशासाठी सर्वांत मोठी किंमत मोजलेला हा जवान पुन्हा देशाच्या वतीने मैदानात उतरला तो १९७२ मध्ये, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिकमध्ये. ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देत सुवर्ण जिंकले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये असे वैयक्तिक सुवर्ण यायला २००८ मध्ये अभिनव बिंद्रापर्यंत वाट पाहावी लागली.

तरी बैलगाड्यांची मिरवणूक या सुवर्णाच्या वाट्याला आली नाही. अपंगांच्या स्पर्धेकडे तेव्हा खेळ म्हणून पाहिलेच जात नव्हते. स्पर्धेला जाण्यासाठी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदतीचा पुढाकार घेतला होता, म्हणजे इथेही व्यवस्थेऐवजी एक माणूसच कामी आला. काही आठवड्यांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायलच्या ११ खेळाडू-प्रशिक्षकांची दहशतवाद्यांनी हत्या केली आणि जगाच्या आठवणीत १९७२ चे जर्मनी म्हणजे तेवढेच उरले. पेटकर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत राहिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला आणि त्यानंतर जीवनगौरव श्रेणीतील अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. चित्रपट आला नसता तर पेठच्या शेजारच्या गावांतील नव्या पिढीलाही हे नाव ठाऊक झाले असते का, ही शंका रास्त आहे.

खेळतो एक, मग 'आपण जिंकलो' असे का वाटते?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत यावर गाजलेला अभ्यास केला. आपला फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. सामन्याबद्दल बोलताना जिंकल्यावर 'आम्ही जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' अशी भाषा व्हायची. क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या कुठल्याही चावडीवर वा पानटपरीवर हा अनुभव घेता येतो. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात उभे राहायला माणसाला आवडते. त्यात गैर काही नाही. गोळेश्वरच्या मिरवणुकीत बैलगाडी जुंपणाऱ्यालाही तेच वाटत होते.

फरक एका ठिकाणी आहे. त्या बैलगाडीवाल्यांपैकी अनेकांनी जाण्याआधी वर्गणी दिली होती. त्यांचा 'आम्ही' हा खर्चासकट होता. मोबाइलवर तिरंग्याचे चित्र ठेवणाऱ्याचा 'आम्ही' बहुधा निकाल लागल्यानंतर सुरू होतो आणि हरल्यावर संपतो. म्हणूनच चौथा आलेला किंवा उपांत्य फेरीत हरलेला खेळाडू घरी एकटाच परततो.

पदकतक्ता अधिकृत असतो का?

देशांची क्रमवारी लावणारा तक्ता आपण दररोज पाहतो, पण ऑलिंपिक चळवळीच्या मूळ तत्त्वात तो बसत नाही. ऑलिंपिक सनदेच्या सहाव्या नियमानुसार या स्पर्धा खेळाडूंमधील आहेत, देशांमधील नाहीत. देशांची एकूण क्रमवारी जाहीर करणे हे ऑलिंपिक समितीचे काम मानले जात नाही. प्रत्यक्षात मात्र खेळाडू देशाच्या नावानेच उतरतो, त्याच्यासाठी देशाचाच झेंडा चढतो आणि गीतही देशाचेच वाजते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने पदके मोजण्याला राजकीय व्यवस्थेच्या श्रेष्ठत्वाचे माप बनवले. तेव्हापासून हा तक्ता राष्ट्रप्रतिष्ठेचा आरसा झाला. भारतही या शर्यतीत आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले असून २०३६ च्या ऑलिंपिकसाठी प्रयत्न सुरू आहेत.

कुस्तीत महाराष्ट्र मागे का पडला?

कुस्तीत भारताने आजवर आठ ऑलिंपिक पदके जिंकली. पहिले खाशाबांचे. उरलेली सात २००८ पासूनची असून ती सुशीलकुमार (दोन), योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत यांची, म्हणजे दिल्ली-हरियाणाच्या आखाड्यांची. ज्या मुलखाने पहिले पदक दिले त्याच्या वाट्याला ७० हून अधिक वर्षांत दुसरे आलेले नाही.

कारणे अनेक सांगितली जातात. सर्वांत मोठे कारण म्हणजे माती आणि मॅट यांतील दरी. आपल्याकडे जत्रा-यात्रांची मैदाने हे मल्लाच्या कमाईचे साधन. हंगामात गावोगावी इनामाच्या कुस्त्या होतात आणि त्यावर खुराकाचा खर्च निघतो. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खर्च शेतकरी कुटुंबाला पेलवत नाही, तेव्हा मल्ल मातीतच राहतो. मॅटवर गुण मिळवण्याचे तंत्र, वजन राखणे आणि परदेशी मल्लांशी सराव यासाठी वर्षानुवर्षे थांबायला त्याच्याकडे पैसा नसतो. आपल्याकडे सर्वांत मोठी गदा महाराष्ट्र केसरीची, त्यामुळे जड वजनाला मान अधिक. हरियाणाने मात्र लहान वयात मॅटवर आणणे, नोकरी आणि रोख बक्षीस अशी साखळी उभी केली. तिथे ऑलिंपिक सुवर्णाला ६ कोटी, रौप्याला ४ कोटी आणि कांस्याला अडीच कोटी रुपये दिले जातात. पदक आले तर आयुष्य मार्गी लागेल, ही खात्री पालकांना मुलाला आखाड्यात पाठवायला पुरेशी असते.

मग आता काय बदलले?

बरेच बदलले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'टॉप्स' योजनेत निवडलेल्या खेळाडूला केंद्राकडून दरमहा ५० हजार रुपयांचा भत्ता, परदेशी सराव आणि प्रशिक्षण मिळते. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला. निकालही दिसू लागले आहेत. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने नेमबाजीत कांस्य जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्याच वर्षी पॅरालिम्पिकमध्ये आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटरच्या फेकीसह रौप्य मिळवले, सुवर्ण अवघ्या ६ सेंटिमीटरने हुकले. पेटकरांच्या वाट्याला आलेली शांतता खिलारीच्या वाट्याला आली नाही. त्याचे नाव त्याच दिवशी घरोघरी पोहोचले. एवढा बदल व्हायला अर्धशतक लागले.

काही गोष्टी मात्र तशाच आहेत. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिच्या सरावासाठी आणि साहित्यासाठी घरच्यांनी कर्ज काढले होते. म्हणजे १९५२ मध्ये प्राचार्यांचे घर गहाण पडले आणि ७१ वर्षांनंतरही पहिली जोखीम कुटुंबानेच घेतली. योजना मदतीला येतात, पण नाव झाल्यावर. नाव होण्यापूर्वीची पाच-सात वर्षे आजही घरातले दूध, घरातले सोने आणि गावातला एखादा वस्ताद किंवा शिक्षक यांच्यावरच निघतात.

पुढे काय?

नागोयात भारत किती पदके जिंकतो, चीन-जपान-कोरियाच्या तुलनेत कुठे उभा राहतो, याची चर्चा होईल आणि ती व्हायलाही हवी. चुरस नसेल तर खेळ कशाला! पण या भागाचा अनुभव सांगतो की राष्ट्राभिमानाची खरी कसोटी विजयमंचावर लागत नाही. ती दोन ठिकाणी लागते. पदकाआधी, जेव्हा बारा-तेरा वर्षांच्या पोराला खुराक, मॅट आणि प्रशिक्षक हवा असतो. आणि पदकानंतर, जेव्हा मिरवणूक संपलेली असते. जन्मशताब्दीच्या वर्षात खाशाबांच्या पुतळ्याला हार घालणारे अनेक असतील. गोळेश्वर, पुनवत आणि पेठ या तीन गावांतील शाळकरी मुलांना आज पोहायला तलाव, लढायला मॅट आणि शिकवायला पूर्णवेळ प्रशिक्षक आहे का, हे तपासायला मात्र पदकतक्ता पुरेसा नाही. त्यासाठी त्या गावांत जाऊन पाहावे लागेल.